मोटरचा आवाज आला की हातपाय थंड पडतात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनीच लिहिलंय. मागच्या पौषात रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी द्यायला त्यांचे यजमान वावरात गेले. मोटर सुरू करून धुऱ्याधुऱ्यानं परत निघाले, तेवढ्यात तुरीतून रानडुकराची मादी पिल्लांसकट अंगावर आली. मांडीला २२ टाके पडले. जखम दोन महिन्यांत भरली, धसका राहिला. ताई लिहितात, “मोटर चालू झाली का त्यायचे हातपाय थंडे पडते. उन्हायात तं दिवसा वावरात जाऊन राह्यले होते, आमाले वाटलं झालं बरं. तूर डोक्याबरोबर झाली आन् पुन्हा तेच.” आता जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सर्ट्रालिन ही भीती आणि उदासीवरची गोळी सुरू केलीय. पत्र लिहिलं तो गोळीचा नववा दिवस. मळमळ, बेचैनी, झोप नाही. “डॉक्टर बाई, गोळीनं तं भेव वाढलं. बंद करू का? सवय लागन का?” सासूबाईंनी उतारा केला. दीर म्हणतात, एकदा रात्री वावरात नेऊन सोडा, भीती मोडते. आणि बी.एस्सी.ला असलेल्या मुलीनं खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली आहे: “गोळी सेरोटोनिन वाढवते, तर भीती कमी व्हायला पाहिजे. वाढली कशी?”

ताई, आधी महत्त्वाचं. गोळी मनानं बंद करू नका, आणि मनानं वाढवूही नका. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना उद्याच फोन करा नाहीतर जाऊन भेटा आणि “नऊ दिवसांत बेचैनी वाढली, झोप नाही” हे याच शब्दांत सांगा. ते डोस कमी करतील, वेळ बदलतील किंवा थोडे दिवस थांबायला सांगतील. हा त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांत पुष्कळ जणांना होतो आणि बहुतेकांचा उतरतो. तुमचे यजमान कमजोर आहेत किंवा गोळी चुकीची आहे, असा त्याचा अर्थ लावू नका.

आता मुलीचा प्रश्न. (सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन.) तो मला मनापासून आवडला, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातूनच निघतात.

त्या रात्री मेंदूनं एका फटक्यात चार गोष्टी एकमेकींना बांधल्या: मोटरची घरघर, तुरीची सळसळ, अंधार आणि मांडीतली कळ. हे बांधण्याचं काम अमिग्डाला नावाचा भाग करतो. बदामाएवढा असतो, दोन्ही बाजूंना एकेक, कानाच्या आतल्या अंगाला खोलवर. जिवावर बेतलं की त्याला दुसऱ्यांदा शिकवावं लागत नाही. म्हणून आज नुसती मोटर वाजली तरी तो डुक्कर आल्यासारखा सगळ्या अंगाला हाक देतो. हातपाय गार पडतात, छाती धडधडते, घाम फुटतो. हे सगळं यजमानांनी ठरवायच्या आधी होऊन गेलेलं असतं. “अहो, काही नाही, घाबरू नका” असं आपण कितीही म्हटलं तरी ते शब्द तिथवर पोचायला उशीर झालेला असतो.

मग उन्हाळ्यात बरं कसं वाटलं, आणि परत कसं आलं? रशियाचे शास्त्रज्ञ पावलोव यांनी शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे पाहिलं होतं. खाणं येणार अशी खूण कुत्र्याला शिकवली आणि मग खाणं न देता तीच खूण पुन्हा पुन्हा दिली, तर तोंडाला पाणी सुटणं हळूहळू थांबतं. पण काही वेळ मध्ये जाऊ दिला की ते आपोआप परत येतं. म्हणजे पहिला धडा पुसला गेलेला नसतो. त्याच्यावर दुसरा धडा बसलेला असतो. भीतीचंही असंच आहे. भीती ‘विझणं’ म्हणजे नवं शिकणं.

आपल्याकडची पांदण डोळ्यासमोर आणा. पावसाळ्यात पांदणीत गाडी रुतते, मग लोक बाजूच्या धुऱ्यावरून पायवाट पाडतात. पायवाट रुळली म्हणून पांदण कुठे जात नाही. पायवाटेवरचं जाणं-येणं थांबलं, गवत वाढलं, की पाय पुन्हा जुन्याच चाकोरीत पडतो. यजमानांनी उन्हाळ्यात जी पायवाट पाडली ती मोकळ्या वावरातली होती. तूर निघून गेलेली, मोटर बंद, लख्ख ऊन. ‘रिकामं वावर बरं आहे’ एवढाच धडा मेंदूनं घेतला. कुठे आणि कशात शिकलो याची नोंद मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ठेवतो, आणि विझलेली भीती त्या जागेला फार बांधलेली असते. ‘उभ्या तुरीत मोटर चालू असतानाही बरं आहे’ हा धडा त्यांना मिळालाच नव्हता. तेव्हा ताई, ते मागे घसरले असं घरात कोणी म्हणू नका. त्यांचा तो धडा अजून व्हायचाच आहे.

नवी पायवाट धरून ठेवायचं काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. तो अमिग्डालाला सांगतो, ‘थांब, आज डुक्कर नाही.’ या तिन्ही ठिकाणी सेरोटोनिन पोचतं. मेंदूच्या देठात राफे नावाचे पेशींचे पुंजके आहेत, तिथून त्याचे धागे सगळ्या मेंदूभर जातात. (शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसतं, आतड्यात असतं. मळमळीचं बोलताना हे कामाला येईल.)

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सेरोटोनिन एकच, पण ते ज्याच्यावर जाऊन बसतं ते रिसेप्टर निदान १४ प्रकारचे आहेत, ७ घराण्यांतले. आपल्या घरची लाईन बघ. एकाच लाईनवर दिवा लागतो, मोटर चालते आणि कुंपणाच्या झटका मशीनचा फटकाही बसतो. लाईन वाढली तर काय होईल, हे तिला काय जोडलंय त्यावर ठरतं. ‘सेरोटोनिन कमी म्हणून भीती, वाढवलं की शांती’ हे गणित मोबाईलवर फार फिरतं. ते इतकं सरळ नाही.

सुरुवातीला भीती वाढते त्यात ५-एचटी२सी या रिसेप्टरचा मोठा वाटा दिसतो (५-एचटी हे सेरोटोनिनचंच दुसरं नाव). न्यूयॉर्कमध्ये जोसेफ लेडू यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली आणि मग याच जातीच्या औषधाचा, सिटॅलोप्रॅमचा, एकच डोस दिला. तो आवाज ऐकल्यावर उंदीर नेहमीपेक्षा जास्त थिजले. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात दिसलं की २सी रिसेप्टर आधी अडवून ठेवला तर ही वाढ होत नाही. आणि त्याच गटानं २००४ मध्ये दाखवलं होतं की तेच औषध तीन आठवडे रोज दिलं तर परिणाम उलटा होतो, उंदीर नवी भीती कमी शिकतात. तुझ्या बाबांचा आज नववा दिवस आहे. मधल्या काळातले आहेत ते.

दुसरा, ५-एचटी१ए. हा दोन ठिकाणी बसतो आणि दोन्हीकडे त्याचं काम वेगळं. हिप्पोकॅम्पस आणि कॉर्टेक्समध्ये तो साधारण शांतवणारा. हा रिसेप्टर नसलेले उंदीर १९९८ मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तयार केले, आणि तिन्हीकडचे उंदीर इतरांपेक्षा भित्रे निघाले. पण हाच १ए राफेच्या पेशींवरही बसलेला असतो आणि तिथे तो ब्रेक आहे. गोळीनं सेरोटोनिन वाढलं की तो म्हणतो, ‘पुष्कळ झालं,’ आणि पेशी आपला मारा कमी करतात. रोज गोळी घेत राहिलं की दोन-तीन आठवड्यांत हा ब्रेक सैल पडतो. मग कुठे औषधाचा खरा जोर सुरू होतो. म्हणून आम्ही चार ते सहा आठवडे धीर धरा म्हणतो. लोकांना ती डॉक्टरांची टाळाटाळ वाटते. तसं नाही हो, आत खरोखर तेवढं काम चाललेलं असतं.

तिसरा, ५-एचटी३, मळमळीचा. आतड्यात आणि मेंदूच्या ओकारीच्या केंद्रात तो असतो. ओकारी थांबवायला मेडिकलवाला ऑन्डॅनसेट्रॉन देतो, ती गोळी नेमकं हेच रिसेप्टर अडवते. गंमत म्हणजे हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांची शिकलेली भीती विझायला जास्त अवघड जाते, म्हणजे पोटातला हा गडी भीतीच्या कामातही आहे. मळमळीसाठी मात्र आधी साधा उपाय करा. गोळी जेवणानंतर द्या. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांना विचारा. दुकानातून आणून देऊ नका.

सवयीचं विचारलंत. दारूसारखी किंवा खर्र्यासारखी तल्लफ या गोळीनं लागत नाही. पण शरीर तिच्याशी जुळवून घेतं, म्हणून एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या, विचित्र स्वप्नं असा त्रास होतो. थांबवायची वेळ येईल तेव्हा डॉक्टर पायरीपायरीनं उतरवतील. बरं वाटल्यावरही बरेच महिने घ्यावी लागते, हे आत्ताच मनाशी धरून ठेवा.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती आम्ही डॉक्टर लोकही ओपीडीच्या घाईत सांगायची राहून जातो. नुसती गोळी पुरत नाही. २०११ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी इथल्या शास्त्रज्ञांनी उंदरांचे गट केले. काहींची भीती नुसत्या सरावानं विझवली, म्हणजे आवाज ऐकवायचा पण झटका द्यायचा नाही. त्यांची भीती काही दिवसांनी परत आली. काहींना फक्त फ्लुओक्सेटिन दिलं, ते सर्ट्रालिनचंच भावंड. त्यांची भीती जिथल्या तिथे राहिली. ज्यांना औषध आणि सराव दोन्ही मिळालं, त्यांची भीती गेली आणि परत आली नाही. उंदीर तो उंदीर. माणसांत निकाल इतके स्वच्छ येत नाहीत, कोणाला नुसत्या सरावानं बरं वाटतं, कोणाला नुसत्या गोळीनं. पण वीस वर्षं या भागात काम करून माझं मत तेच झालंय. गोळीनं मेंदू शिकायला मऊ होतो. काय शिकायचं ते आपणच त्याच्यासमोर ठेवावं लागतं. घरात खाटेवर बसून महिनाभर गोळी घेतली आणि वावराकडे पाठच ठेवली, तर नवी पायवाट पडणार कुठून?

म्हणजे दिरांचं खरं का? नाही ताई. अजिबात नाही. रात्री नेऊन एकटं सोडलं, माणूस घाबरून पळत घरी आला, तर मेंदूनं काय शिकलं? ‘पळालो म्हणून वाचलो.’ पांदण आणखी खोल झाली. शिवाय तुमच्या वावरात डुक्कर खरोखर येतं. भीती विझवायची तर आधी जागा सुरक्षित पाहिजे. ज्या भीतीला कारण आहे ती मला घालवायची नाही, ती त्यांच्याजवळ राहू द्या.

एक बाई आठवतात. कापूस वेचताना हाताला घोणस चावली, आपल्याकडे जिला परड म्हणतात. वाचल्या, पण दुसऱ्या हंगामात पऱ्हाटीला हात लावेनात. वेचणीची मजुरी बुडाली. आम्ही त्यांच्या घराच्या ओसरीवर टोपलीत पाच-सहा फुटलेली बोंडं ठेवली. पहिल्या दिवशी त्या टोपलीपासून चार हातांवर बसल्या, पदर मुठीत घट्ट. मी घड्याळ लावून बसले. वीस मिनिटांनी मूठ सैल झाली, तोवर उठू नका एवढंच म्हणत राहिले, जबरदस्ती केली नाही. तिसऱ्या दिवशी काडीनं बोंड हलवलं. सहाव्या दिवशी दोन बोटांनी कापूस ओढला आणि सरकी दाबून पाहत बसल्या, जणू पहिल्यांदाच पाहतायत. मग अंगणातलं एक झाड, मग धुऱ्याकाठची एक ओळ. वावरात मात्र पायात बूट आणि हातात काठी कायम, झाडाखाली काठी आपटून मगच हात. ती काठी मी कधी सोडवली नाही.

तुमच्याकडे असंच करता येईल. दवाखान्यात समुपदेशक असतील तर त्यांच्याबरोबर पायऱ्या ठरवा. यजमानांना रात्री ती घटना पुन्हा घडल्यासारखी दिसत असेल, दचकून उठत असतील, तर त्यांच्याशिवाय सुरू करूच नका. पायऱ्या साधारण अशा: दुपारी घरातच मोबाईलवर मोटरचा आवाज, हळू, मग मोठा. नंतर दिवसा दोघांनी मिळून धुऱ्यावर बसणं. मग दिवसा मोटर सुरू करणं. मग तुरीच्या कडेनं चालणं. मग शेजाऱ्यासोबत सांजवेळ. प्रत्येक पायरीवर भीती चढेल, ती अर्ध्यावर उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. भीती टोकाला असताना उठून आलं तर तेवढंच लक्षात राहतं. आणि एकाच जागी करू नका. आपलं वावर, शेजाऱ्याचं वावर, विहिरीकडची बाजू, नाल्याकडची बाजू. उन्हाळ्यातला धडा एकाच जागेचा होता म्हणून तो पुरला नाही, हे विसरू नका. सरावाच्या दिवशी झोप चांगली झाली पाहिजे, नवा धडा झोपेत पक्का होतो.

आणि रात्रीचं ओलीत? मला स्पष्ट बोलू द्या. मध्यरात्रीच्या लाईनसाठी माणसानं एकट्यानं उभ्या तुरीत जावं हेच मला मान्य नाही. यजमान बरे झाल्याची खूण म्हणजे रात्री एकटं जाणं, असं घरात ठरवू नका. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत खुल्या गटाला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. दिवसाचं ओलीत झालं तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. तोवर दोघं जण, मोठा टॉर्च, बोलत-आवाज करत. वनविभागाकडे जखमेच्या भरपाईचा अर्ज केला नसेल तर त्याचीही चौकशी करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की मांडी दुखली की ते ‘आधीची पट्टी’ खातात, ट्रॅमाडॉलची. हे वाचून मी थांबले. ट्रॅमाडॉल आणि सर्ट्रालिन दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. एकत्र झालं तर क्वचित सेरोटोनिन इतकं चढतं की ताप, थरथर, स्नायू ताठ होणं, जुलाब, भ्रम असा धोक्याचा प्रकार होतो. तसं काही दिसलं तर रात्र न बघता दवाखाना. तसं काही नसलं तरी पट्टी आजच बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. रोज घेत असतील तर ती कशी सोडायची हेही त्यांनाच विचारा. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्याही या औषधाबरोबर पोटात रक्तस्राव करू शकतात, त्याही विचारूनच. मोहाची किंवा कोणतीही दारू नको. कोणाच्या घरून आणलेली झोपेची गोळीही नको, तिची सवय लागते आणि सरावाचा धडाही बोथट होतो. डॉक्टरांनी स्वतः थोडे दिवस दिली असेल तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. बेचैनी इतकी की एका जागी बसवत नाही, मरणाच्या गोष्टी, उगाच निरवानिरव, किंवा याच्या उलट दोन-दोन रात्री न झोपता भलताच उत्साह. यातलं काहीही दिसलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि फवारणीचं औषध घरात असेल तर ते आजच कुलपात जाऊ द्या, किल्ली तुमच्याकडे. असं काही दिसत नसलं तरी.

सासूबाईंना दुखवू नका. त्यांनी उतारा केला तो लेकाच्या मायेनं. त्यांना एक काम द्या: गोळीची वेळ त्या सांभाळतील. घरच्यांनी आणि गावातल्या माणसांनी हात लावला की फरक पडतो, हे आपल्याच विदर्भात दिसलंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उदासीच्या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा अशा आजारासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुमच्या आशाताईंनाही सांगून ठेवा.

बी.एस्सी.वाल्या लेकीला एक वही घालायला सांगा. तीन रकाने: जागा, भीती किती (० ते १०), आणि ती अर्ध्यावर यायला किती मिनिटं लागली. पहिल्या ओळीत १० लिहिलं गेलं तरी चालेल. मिनिटं मात्र न चुकता लिही म्हणावं, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मला वाटतं तोच रकाना आधी बघायचा असेल.